ज्या ओळीपुढे मी ‘लागत नाही’ असे लिहिले

एका खोट्या शब्दाची कबुली देऊन सुरुवात करतो, कारण ती टाळून पुढचे काहीच सांगता येणार नाही. पस्तीस वर्षांपूर्वी, बावीस वर्षांचा असताना, मी आमच्या गावच्या देवळात उभा राहून एक शब्द खोटा बोललो. त्या शब्दाने माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे लग्न मोडले. मोडेल हे मला बोलतानाच ठाऊक होते. त्यानंतर मी ते कोणालाही सांगितले नाही – आईवडिलांना नाही, पत्नीला नाही, आणि जिचे आयुष्य त्यात गेले त्या ताईला तर नाहीच.

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षे वाचत आलो आहे, आणि खरे सांगायचे तर मनातल्या मनात हसत आलो आहे. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. देव, भुते, चकवा, नजर – यांतले काहीही मी कधी मानले नाही. देवळातला तो शब्द मला इतक्या सहज खोटा बोलता आला, त्याचे एक कारण हेच होते. जिथे कोणी ऐकणारे नाही, तिथे खोटे बोलल्याने काय बिघडते... असा माझा तेव्हाचा शहाणपणा होता.

गेल्या दसऱ्यानंतर एका रविवारी सकाळी आमच्या गावचा वसंत गुरव माझ्या मारुती मंदिराजवळच्या फ्लॅटवर आला. आमचे गाव कोल्हापूर रस्त्यावर, पालीपासून आत चारेक किलोमीटरवर. देवीच्या देवळाचा जीर्णोद्धार होत आला होता, माघात कलशारोहण ठरले होते आणि त्या निमित्ताने स्मरणिका निघणार होती. वसंताने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जाडजूड गठ्ठा काढला. शाळेच्या दोनशे पानी तीन वह्या सुतळीने एकत्र शिवलेल्या. त्याचे वडील तात्या गुरव यांनी आयुष्यातल्या शेवटच्या पंधरा-वीस वर्षांत देवीपुढे लावलेल्या कौलांची ही रोजनिशी होती. त्यातले निवडक कौल स्मरणिकेत छापायचे असे समितीचे ठरले होते. पण एकालाही एक ओळ वाचता येत नव्हती.

“तात्यांचं अक्षर देवीला तरी लागत होतं की नाय, कोण जाणे,” वसंत म्हणाला. “सर, तुम्ही पोरांचे पेपर तपासता. तुम्हाला लागंल.”

देशावरच्या वाचकांसाठी कौल म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्याकडे मोठा निर्णय घ्यायचा असला की देवीला विचारतात. विहीर कुठे खणावी, मुलीला कोणत्या घरी द्यावी, मुलाला मुंबईला धाडावे की नाही. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न मोठ्याने मांडतो. मग सगळे थांबतात. उजवीकडची पाकळी आधी गळाली तर होकार, डावीकडची गळाली तर नकार. उजवी म्हणजे देवीची उजवी, आपली नव्हे. समोर उभ्या राहणाऱ्याला ती डाव्या हाताला दिसते. ही बाब लक्षात ठेवा. ‘माझा गोंधळ झाला’ अशी एक सबब मी पस्तीस वर्षे खिशात तयार ठेवली होती, ती याच्याच जोरावर. गोंधळ काही झाला नव्हता. आमच्या गावात चार वर्षांच्या मुलालाही देवीची उजवी बाजू कळते.

तात्यांना शेवटी शेवटी दिसत नव्हते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनची भीती. गावाला ते माहीत होते, पण कोणी उच्चारत नसे. कारण उच्चारले तर तात्यांचा मान गेला असता. तात्यांनीच एक युक्ती काढली होती. कौलाच्या वेळी ते म्हणत, “शिकलेल्या पोराला पुढं उभा करा. त्यानंच बघावं आणि सांगावं. नायतर उद्या म्हणाल, गुरवानं मनचं सांगितलंन.” सगळे मान डोलावत आणि एखादा शिकलेला मुलगा पुढे उभा राही; बाकीचे गाभाऱ्याबाहेर, जिथून अंधारात पाकळी दिसत नसे.

त्या दिवशी तो शिकलेला मुलगा मी होतो.

प्रश्न माझ्या वडिलांचा होता. ताईला खेडच्या एका शिक्षकाचे स्थळ आले होते. तो गृहस्थ स्वतः येऊन तिला पाहून गेला होता आणि तिलाही तो मनापासून आवडला होता. ते मला कळले होते, कारण त्या आठवड्यात ती विहिरीवर कपडे धुताना गाणे म्हणत असे. पण आमची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. आदल्या दिवशी जेवताना वडील म्हणाले होते, सुमन गेली तर आईचे सगळे भाऊला करावे लागेल, त्याचे बी.एड. पुढच्या वर्षी बघू. सुमन म्हणजे ताई, भाऊ म्हणजे मी. कोल्हापूरच्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला होता. पुढचे वर्ष म्हणजे काय, हे मला वडिलांच्या आवाजावरूनच उमगले होते.

तात्यांनी विचारले – या पोरीला या वर्षी उजवून खेडला धाडावी काय? थोड्या वेळाने देवीच्या उजव्या अंगाची पाकळी सुटली आणि अलगद खाली आली. मी ती स्वच्छ पाहिली. आणि मी म्हणालो, “डावा.”

ताई खांबाआड हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तांब्यातले पाणी पायरीशी ओतले आणि घरी निघून गेली. मी जूनमध्ये कोल्हापूरला गेलो. आई त्यानंतर अकरा वर्षे जगली.

आज ताई बासष्ट वर्षांची आहे. गावी एकटी राहते. गावात तिला खाष्ट म्हणतात. ती कोणाच्या हळदीकुंकवाला जात नाही, आणि त्या दिवसापासून तिने देवळाची पायरी चढलेली नाही. पालखी दारात आली की ही मागच्या दाराने नारळी-पोफळीच्या आगरात निघून जाते. माझी पत्नी अनघा लग्न होऊन आली तेव्हापासून ताईंच्या तिरसट बोलण्याला कंटाळलेली. मी दर वेळी समजुतीने म्हणत असे, “तिचा स्वभाव आहे, तू मनावर घेऊ नकोस.” हे वाक्य आज आठवले की माझ्या अंगाची लाही होते. तिचा स्वभाव! तो मी घडवला होता, आणि वर मीच समजूतदारपणाची शाल पांघरून बसलो होतो.

तर, वह्या. मला त्या परत करता आल्या असत्या. पण मनात असे आले – आंधळ्या माणसाने काय लिहून ठेवले असणार? फार तर ‘कौल डावा’. आणि काही असलेच, तर वही दुसऱ्या कोणाच्या हाती जाण्यापेक्षा माझ्याच हाती असलेली बरी. हे मी इथे मुद्दाम लिहितो आहे. माझ्यासारखी हळू आवाजात बोलणारी माणसे आतून कशी असतात, ते लोकांना कळावे.

तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर अक्षर लावण्याची एक रीत हाताला बसते. मी शब्द वाचायला जात नाही. पुन्हा पुन्हा येणारे आकार शोधतो. तात्यांच्या प्रत्येक नोंदीत ‘प्रश्न’, ‘कौल’, ‘उजवा’, ‘डावा’ हे शब्द असणारच. ते आधी सापडले की त्यांतून त्या माणसाचा ‘व’ कळतो, ‘ज’ कळतो, काना कुठे विसरतो ते कळते. तात्यांची अडचण वेगळीच होती. ओळ सरळ यावी म्हणून ते पुठ्ठ्याची पट्टी ठेवून बॉलपेनने लिहीत, आणि पट्टी खाली सरकवायला विसरत. त्यामुळे दोन-दोन, तीन-तीन कौल एकावर एक लिहिलेले. हात मात्र हलका, थरथरता. पानामागे बोट फिरवले तर काहीही लागत नसे. पानामागे बोट फिरवण्याची मला सवय आहे. रागाने लिहिणारा मुलगा पान उलटल्याबरोबर कळतो. अक्षरे मागून उठून येतात.

पहिले तीन आठवडे मी फार रमलो. शाळेतून आल्यावर चहा घेऊन खिडकीशी बसायचे, भिंग घ्यायचे, आणि लावलेला मजकूर नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचा. हरवलेल्या म्हशीचा कौल होता. सुनेने वेगळी चूल मांडावी काय, असा एकाच सासूने सहा वेळा लावलेला कौल होता – सहाही वेळा डावा – आणि तात्यांनी शेवटी बाजूला लिहिले होते, ‘आता देवी कंटाळली.’ मी मोठ्याने हसलो होतो.

मग ते पान आले.

त्या पानावर दुसरे काही नव्हते. एकावर एक ओळी नाहीत, थरथर नाही. वडिलांचे नाव, प्रश्न, आणि खाली एकच ओळ. ती ओळ लावावी लागलीच नाही. दिव्याखाली धरल्यासारखी ती मी एका दमात वाचली. ‘कौल उजवा पडला. शिकलेल्या पोराने डावा सांगितलान. मी बोललो नाय. पोरीचं वाटोळं.’ पेन इतके दाबले होते की दोन ठिकाणी कागद फाटला होता.

पाकळ्या गोळा करताना डावी पाकळी अजून पाषाणाला चिकटलेलीच आहे, हे तात्यांच्या बोटांना कळले असणार. त्यात नवल नाही. नवल याचे, की मला शरम वाटण्याआधी राग आला. म्हाताऱ्याला माहीत होते! एक शब्द बोलला असता तर ताई खेडला गेली असती. पण मग गुरवाला दिसत नाही हे उघड झाले असते. म्हणून मान जपला आणि वहीत रडत बसला. मी वही बंद करून टेबलावर आपटली. अनघा स्वयंपाकघरातून पाहायला आली. मी तिला म्हणालो, काही नाही, डोळे थकले. आणि ती आत गेल्यावर मी पेन उचलले, सुवाच्य वहीत वडिलांचे नाव लिहिले, प्रश्न लिहिला, आणि कौलाच्या जागी लिहिले – ‘अक्षर लागत नाही.’

पहिले खोटे मी बावीस वर्षांचा असताना बोललो. हे दुसरे सत्तावन्नाव्या वर्षी, चष्मा पुसून, शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिले. पहिल्याला तरुणपणाची सबब देता येईल. याला काय देऊ?

दोन दिवसांनी, दुपारी शाळा सुटल्यावर, वसंताला दाखवण्यासाठी मी सुवाच्य वही चाळत होतो. त्या पानावर हात पडला आणि बोटांना काहीतरी खरखरीत लागले. पान उलटले. ‘अक्षर लागत नाही’च्या बरोबर मागे अक्षरांचे ठसे उठून आले होते. आधी वाटले, वही खाली असताना मीच वर काहीतरी दाबून लिहिले असेल. म्हणून पेन्सिल आडवी धरून पुढच्या बाजूने हलकेच घासली. करड्या रंगात पांढरी अक्षरे उमटली. माझी नव्हती. तात्यांची होती. तीच ओळ, फाटलेल्या जागांसकट.

मी पुढचे पान पाहिले. तिथेही ठसा. त्याच्या पुढचे... त्याच्याही पुढचे... वहीच्या शेवटपर्यंत, पुठ्ठ्यावरदेखील. दाबून लिहिलेल्याचा ठसा तिसऱ्या-चौथ्या पानावर फिका पडतो, हे मी हजारो उत्तरपत्रिकांवरून सांगू शकतो. इथे शेवटच्या पानावर तो पहिल्याइतकाच खोल होता. अख्खी वही रागाने आतून ठेचल्यासारखी वाटत होती.

मी घाबरलो, असे लिहिणे सोपे आहे. पण मी चिडलो. मला कोणी तरी शिकवते आहे, खोड काढते आहे, असे वाटून मी चिडलो. दुकानात जाऊन नवी वही आणली. तिचा एक सुटा कागद काढला, जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवला – खाली काही नाही – आणि शाईच्या पेनने, अगदी हलक्या हाताने लिहिले, ‘अक्षर लागत नाही.’ कागद उचलला. मागे ठसा होता.

तेव्हा मी अनघाला बोलावले. ती बँकेत नोकरी केलेली बाई आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करत नाही. तिने आधी मलाच दोष दिला, तंद्रीत दाबून लिहीत असाल म्हणाली. मग स्वतः पेन घेतले. तिने तेच शब्द लिहिले. कागद कोराच राहिला. मला तिने इतर वाक्ये लिहायला लावली – तारीख, नाव, दुधाचा हिशोब. काही नाही. मग म्हणाली, आता ते लिहा. मी लिहिले. ठसा.

तिने पेन्सिलने तो घासला आणि बराच वेळ पाहत राहिली. तिला नुसत्या वेलांट्या आणि गुंते दिसत होते. तात्यांचे अक्षर लावणारा जगात मी एकटाच होतो.

“काय लिहिलंय यात?” तिने विचारले. दुसरा कोरा कागद टेबलावर होता आणि तिचा तळहात त्यावर टेकलेला होता.

मी म्हणालो, “लागत नाही.”

अनघाने चटका बसल्यासारखा हात उचलला. ती आजही सांगते की कागदाखालून बॉलपेनचे टोक सरकत गेल्याचे तिच्या तळहाताला जाणवले, डावीकडून उजवीकडे, चार वाक्ये, मध्ये दोनदा अडखळून. तिने कागद उलटला. मी काहीच लिहिले नव्हते, फक्त बोललो होतो. ठसा तिथेही होता.

दुपारचे साडेतीन वाजले होते. खाली भाजीवाल्याचा टेम्पो उभा होता, शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही लागलेला होता. अशा वेळी मी अनघाला सगळे सांगितले.

मी थांबल्यावर ती म्हणाली, “तीस वर्षं मी त्या बाईला खाष्ट म्हणत आले. तुमच्यासमोर म्हणत आले. आणि तुम्ही मला ते म्हणू दिलंत.” मी माफी मागायला तोंड उघडले, तर म्हणाली, “माझ्याकडे नको. आधी ती वही दुरुस्त करा.”

मी ‘अक्षर लागत नाही’ खोडले आणि त्याखाली तात्यांची ओळ जशीच्या तशी उतरवली. मागे बोट फिरवले. नव्या ओळीमागे कागद गुळगुळीत होता. जुने ठसे मात्र गेले नाहीत. ते आजही आहेत.

याचे स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी दोन कागद दाखवले. कोरा कागद दाबाने असा उठतो, पण खाली मऊ काही असेल तरच, इतकेच त्याने सांगितले. काचेवर कसा उठला, हे त्याला सांगता आले नाही. माझ्याच मनाने माझ्या हाताकडून करवून घेतले, असे अनघाचे एक मन म्हणते; पण मग तिच्या तळहाताखाली कोण लिहीत होते, असे तिचेच दुसरे मन विचारते. देवी, तात्या, की माझेच सडलेले मन – कोणाचेही नाव घ्यायला मी आता कचरतो. एवढेच जाणतो की त्या ओळीतला राग खरा होता, आणि तो योग्य पत्त्यावर आला होता.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एस.टी.ने पालीला आणि तिथून रिक्षाने गावी गेलो. ताई अंगणात सुपांमधून गेल्या उन्हाळ्यातली कोकमे पुन्हा उन्हाला घालत होती. मान वर न करता म्हणाली, “सर आले. सुट्टी आहे की तपासणी?”

मी तिच्यापुढे सुवाच्य वही उघडून धरली. तोंडाने सांगण्याचा धीर तेव्हाही झाला नाही, हे नमूद करतो. वहीच्या आड उभा राहिलो. तिने हात पदराला पुसले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि वाचले. मग पुन्हा वाचले. नंतर तिने पानावरून बोट फिरवले... आणि जुन्या ठशावर ते थांबले.

“शिकलेलं पोर म्हणजे तू,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो. इतक्या हळू, की ते मलाच ऐकू आले असेल. मी आईचे, बी.एड.चे काहीतरी पुटपुटू लागलो. तिने हाताने थांबवले. मला वाटत होते की ती रडेल, किंवा मला अंगणातून हाकलेल. ती उभी राहिली. रागाने. बासष्ट वर्षांची बाई, पण अंगणातली सुपे तिने एकामागून एक लाथेने उलटी केली. कोकमे मातीत गेली.

“त्या माणसानं दोन वर्षं वाट बघितलीन,” ती म्हणाली. “मी निरोप धाडला, देवी नको म्हणते. देवी! पस्तीस वर्षं मी तिच्याशी भांडत्येय रे. तिच्या दारात गेले नाही. तिच्या पालखीकडे पाठ केली. रोज उठून तिला शिव्या दिल्या – तुझं मी काय वाईट केलं होतं म्हणून. आणि तिनं तर हो म्हटलं होतंन.”

ती खाली बसली. मी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेलो. तिने पाय मागे घेतले.

“मला घरात सांगतोस?” ती म्हणाली. “गुपचूप, अंगणात? खोटं कुठं बोललास? देवळात. चार माणसांत. मग तिथंच बोल. आणि हे असं कुजबुजू नकोस. तुझा तो सभ्य आवाज मी जन्मभर ऐकला.”

तिने चपला घातल्या आणि माझी वाट न पाहता चालू लागली.

देवळात समितीची सात-आठ माणसे होती. रंगकाम चालले होते. वसंत गाभाऱ्यात पूजा करत होता. ताईला पायरीपाशी पाहून रंगाऱ्यांनीसुद्धा हात थांबवले. वसंत बाहेर आला. ताईने त्याला सांगितले, भाऊला गाऱ्हाणे घालायचे आहे. आमच्याकडे गाऱ्हाणे गुरव घालतो, माणसाच्या वतीने. आणि बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात. वसंताने सवयीने हात जोडले, पण ताई म्हणाली, “तू नको. ह्याचं हा बोलेल.”

मी देवीसमोर, त्याच फरशीवर, त्याच जागी उभा राहिलो. ताई खांबाआड गेली नाही. माझ्या उजव्या हाताला, पाषाणाच्या अगदी समोर उभी राहिली. मी बोललो. सगळे बोललो, पण तोंडातल्या तोंडात, शाळेतल्या प्रार्थनेसारखे.

“ऐकू नाय आलं,” ताई म्हणाली.

मी पुन्हा सुरुवात केली. वसंत खाली पाहत होता. माझ्या शब्दांतून त्याचे वडीलही उघडे पडत होते, आणि तरी त्याने मला थांबवले नाही.

“ऐकू नाय आलं, भाऊ.”

सत्तावन्न वर्षांत मी कधी आवाज चढवला नव्हता. तो कुठून काढायचा तेही मला माहीत नव्हते. मी ओरडलो, आणि नव्या घुमटात माझा आवाज मलाच ओळखू आला नाही:

“कौल उजवा होता. सगळ्यांनी ऐका – कौल उजवा होता, मी तो डोळ्यांनी पाहिला, आणि मला कोल्हापूरला जायचं होतं म्हणून मी डावा सांगितला. माझं पाप मी देवीच्या माथी मारलं. ताई, तुझं लग्न देवीनं मोडलं नाही, मी मोडलं. आईचं करणं माझ्या वाट्याचं होतं, ते मी तुझ्या गळ्यात बांधलं. तुला लोक खाष्ट म्हणाले, मी ऐकून घेतलं. मी गुन्हेगार आहे, ताई. तुझा आधी, आणि ह्या देवीचा मग. मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही... तरी म्हणतो. मला माफ कर.”